अभयारण्यातील पायवाट : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर असून, राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याच्या उत्तर अंगास आणि हरिश्चंद्रगड दक्षिणेस आहे. एवढी माहिती फळ्यावर लिहून पाठ करवून घेतली की पाठ झाला, असे पुष्कळ ठिकाणी मानले जाते. रतनवाडी, साम्रद, बारी, पाचनई या गावांतील मुलांची शाळेची वाटच जेथे डोंगरातून जाते, तेथे तरी असे होऊ नये.

प्रथम डोंगराकडे पाहावे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील लाव्हा पुनःपुन्हा बाहेर येऊन थरावर थर साचला. भाकरीची चळत दाखविल्यास मुलांना ही रचना तत्काळ समजते. कठीण थराचा उभा कडा झाला, मऊ थर झिजून माची झाली. समोरच्या डोंगराच्या अशा पायऱ्या मोजण्यास सांगावे. उत्तरे निरनिराळी येतील, आणि त्यावरील वाद फार उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणातून पूर्वेकडे जाते व गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरास पोहोचते. त्याच माथ्यावरून कोकणाकडे कोसळणारे पाणी अरबी समुद्रास मिळते. शेजारशेजारी पडलेल्या दोन थेंबांचा हा प्रवास मुलांनी नकाशात बोटाने गिरवावा.

आता मुख्य मुद्दा. शाळा-तपासणीत वाळविलेल्या पानाफुलांच्या संग्रहवह्या कौतुकाने पुढे केल्या जातात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यातून परवानगीवाचून वन्यजीव वा वनोपज नेता येत नाही. शिक्षकांनीच मुलांस पाने तोडावयास लावावे, हे विपरीत होय. झाडाखालीच बसून पानाचे चित्र काढावे, सालीवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्यावा. मात्र हा नियम सांगताना जपावे. वर्गातील कित्येक मुलांचे आईवडील हिरडा वेचतात. परंपरेने वनात राहणाऱ्यांचे गौण वनोपजावरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले आहेत. आपले घर चोरी करते, असा समज घेऊन मूल घरी गेले, तर तो पाठ न दिलेला बरा. वनस्पतींची नावेही आपण सांगू नयेत, मुलांना विचारावीत. महादेव कोळी व ठाकर मुलांजवळ ही नावे आपल्यापेक्षा अधिक असतात.

कारवीची नोंद अवश्य ठेवावी. ज्या कारवीच्या काठ्यांनी घराचा कूड विणतात, ती साधारणतः सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सारा उतार जांभळा करून फळल्यानंतर मरते. म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत मुलास हा बहर बहुधा एकदाच दिसावयाचा. आपली बदली होते, कारवीची होत नाही. म्हणून बहराचे वर्ष व स्थळ शाळेच्या नोंदवहीत लिहावे. पुढील शिक्षकास त्यावरून सहल आधीच ठरविता येईल.

मेअखेरीस व जूनच्या आरंभी काजवे चमकतात. नराच्या चमकण्यास मादी प्रतिसाद देते. बॅटरी वा मोटारीच्या दिव्यांनी हा संकेत हरवतो. त्या दिवसांत बाहेरगावचे लोक गर्दी करतात. घरी आलेल्या पाहुण्यास दिवा मालवण्यास सांगण्याचे काम ही मुले चांगले करतील.

सहलीपूर्वी वनक्षेत्रपालांची लेखी परवानगी व पालकांचे संमतिपत्र घ्यावे. पावसाळ्यात मुलांना साम्रदच्या सांदण दरीत मुळीच उतरवू नये. अरुंद घळीत पाणी चढू लागले म्हणजे बाजूस होण्यास जागा राहत नाही. कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत, त्यांवर एका वेळी थोडीच मुले सोडावी व एक शिक्षक वर, एक खाली असावा. लहान वर्गांस रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर व त्याभोवतीची वाट पुरेशी आहे. उन्हे चढण्यापूर्वी परतावे, आणि निघताना व परतल्यावर हजेरी घ्यावी.