पाचवीचा अर्ज

पाऊस लागलेला असतो. भाताची लावणी जोरात चालू असते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, जिकडे पाहावे तिकडे माणसे खाचरात वाकलेली. कोणाला मान वर करायला सवड नसते. बहुतेक वर्षी अशाच दिवसांत एक अर्ज निघतो. तो भरला आणि लेकराचा नंबर लागला, तर त्याला सात वर्षे चांगल्या शाळेत शिकता येते. पण अर्ज कधी निघाला नि कधी संपला, हे पुष्कळ घरांना कळतच नाही. लावणी आटपते, तोवर तारीख निघून गेलेली असते.

ही शाळा कोणती? तिचे नाव जवाहर नवोदय विद्यालय. आज आपण तिच्याविषयी वाचू.

शाळा कोणाची?

ही शाळा भारत सरकारची आहे. अशा पहिल्या दोन शाळा १९८५-८६ साली निघाल्या. एक हरियाणात झज्जरला. दुसरी आपल्या महाराष्ट्रात, अमरावतीला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत अशा शाळा निघाल्या. खेड्यातले पोर हुशार आहे, पण बापाकडे पैसा नाही. म्हणून त्याला चांगली शाळा मिळू नये, हे बरे नव्हे. असा त्यामागचा विचार होता.

पुणे जिल्ह्याची शाळा शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप या गावी आहे. आपला मावळ जिल्ह्याच्या पश्चिमेला, शिरूर पूर्वेला. अंतर बरेच आहे. पण मुलांनी तिथेच राहायचे असते, म्हणून रोजची ये-जा नाही.

काय मिळते?

सहावी ते बारावी शिक्षण मिळते. राहायला जागा मिळते. जेवण, गणवेश, पुस्तके मिळतात. याचे पैसे पडत नाहीत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतात. पण मुलींना तो माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांनाही माफ आहे.

शंभरातल्या निदान पंच्याहत्तर जागा खेड्यातल्या मुलांना देतात. निदान एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी जागा राखून ठेवतात. आपल्या ठाकर आणि कातकरी भावांनी हे ध्यानात घ्यावे. जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

आणखी एक रीत आहे. नववीतली काही मुले एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यात शिकायला जातात. तिकडची मुले आपल्याकडे येतात. एकमेकांची भाषा शिकतात, एका ताटात जेवतात. देश किती मोठा आहे, हे मुलाला तिथे कळते.

गाव की शहर?

इथे पुष्कळ जण फसतात. नीट वाचा.

खेड्याच्या जागेसाठी मुलाची तिसरी, चौथी आणि पाचवी, ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत झालेली पाहिजेत. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरातल्या शाळेत शिकले, तरी त्याला शहरातले धरतात. लोणावळ्यात नगरपरिषद आहे. तळेगाव दाभाडे येथेही आहे. ही शहरे झाली. वडगावला आता नगरपंचायत आहे. तिथल्या लोकांनी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.

एखादा बाप म्हणतो, "गावच्या शाळेत काय आहे? पोराला तिसरीपासून लोणावळ्याला घालतो." त्याचा हेतू चांगलाच आहे. पण त्याने पोराचा खेड्याचा हक्क जातो. शहरातल्या मुलालाही परीक्षा देता येते. मात्र त्याच्या वाट्याला थोड्या जागा उरतात. तेव्हा आधी नियम वाचावा, मग शाळा बदलावी.

परीक्षा कशी असते?

मूल पाचवीत असताना परीक्षा होते. सहावीसाठीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. वयाचीही अट असते. परीक्षा मराठीतून देता येते.

वेळ दोन तास. प्रश्न ८०, गुण १००. बुद्धीचे प्रश्न ४०, त्यांना ५० गुण. गणिताचे प्रश्न २०, त्यांना २५ गुण. भाषेचे प्रश्न २०, त्यांना २५ गुण. उत्तर लिहायचे नसते. बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा असतो. बुद्धीच्या प्रश्नांत आकृत्या असतात. कोणती आकृती वेगळी, पुढे कोणती येईल, हे ओळखायचे.

मोठी शिकवणी लावली तरच जमते, असे नाही. पाढे, अपूर्णांक, नफा-तोटा रोज थोडे थोडे करून घ्यावे. संध्याकाळी मुलाला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगावा. "यात काय सांगितलंय रे?" असे विचारावे. तुम्हालाही आता वाचता येते. तुम्ही त्याच्याबरोबर वाचा.

आईचे म्हणणे

एखादी आई म्हणेल, "अहो, अकरा वर्षांचं लेकरू. त्याला एवढं लांब कसं धाडू? रात्री ताप आला तर?"

या बोलण्याला हसू नये. आईचे म्हणणे खरे आहे. पहिले काही महिने मूल रडते, आईही रडते. काही मुले रमतात, काही रमत नाहीत. पुढे गणित आणि शास्त्र इंग्रजीतून येते. ते आधी जड जाते. म्हणून मुलाला विचारावे. जमले तर शाळा पाहून यावी. नवरा-बायकोने बसून बोलावे. मग ठरवावे. मात्र मुलगा असेल तर धाडू आणि मुलगी असेल तर नको, असे ठरवू नये. मुलीसाठी जागा राखलेली आहे. ती तिची आहे.

नंबर लागला नाही तर?

साऱ्या जिल्ह्यात सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. परीक्षेला बसणारी मुले पुष्कळ. नंबर लागला नाही म्हणजे पोर मठ्ठ आहे, असे मुळीच नाही. त्याला बोल लावू नका. आपल्या जवळची माध्यमिक शाळा आहेच.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. एस.टी.ने शाळेत जाणाऱ्या खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठी एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आठवीच्या मुलांसाठी नवोदयची एक वेगळी परीक्षाही असते. ती नववीतल्या रिकाम्या जागांसाठी.

आठवी झाली की पोरीला घरी बसवायची, पोराला हॉटेलात कामाला लावायचे, असे आपल्याकडे कुठे कुठे होते. चार पैसे आज येतात. पण उद्याची वाट बंद होते. शाळा दूरची असो की जवळची, दहावीपर्यंत मूल शाळेत टिकले पाहिजे.

आता तुमचे काम

मूल तिसरीत गेले की हा धडा पुन्हा वाचा. पाचवीत गेले की जूनमध्येच गुरुजींना किंवा बाईंना विचारा, "नवोदयचा अर्ज कधी निघणार?" अर्ज संगणकावर भरतात. त्याला सरकारची फी नाही. केंद्रावर भरून घेतला, तर केंद्रवाला आपली मजुरी घेईल तेवढीच. अर्ज धाडण्याआधी स्वतः वाचा. नाव, जन्मतारीख, गाव की शहर, हे तीनदा वाचा. आजवर दुसऱ्याने लिहिले आणि आपण अंगठा दिला. आता तसे नको. लेकराचा अर्ज आहे. तो आपल्या डोळ्यांनी वाचून मगच सही करा.

प्रश्न

१. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय कोणत्या तालुक्यात आहे?
२. खेड्याच्या जागेसाठी कोणत्या तीन वर्षांचे शिक्षण खेड्यात झाले पाहिजे?
३. तुमच्या वाडीत यंदा पाचवीत किती मुले-मुली आहेत? त्यांच्या आईबापांना हा धडा वाचून दाखवा.