चांगल्या कामासाठी लांबची सायकल : आधी शरीराची तयारी

वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तके घ्यायची असतात, एखाद्या पेशंटला मदत करायची असते. अशा कामासाठी निधी जमवायला तरुण मुले-मुली सायकलवर लांबचा पल्ला गाठायचे ठरवतात. हेतू चांगलाच असतो. पण हेतू चांगला म्हणून शरीर तयार होत नाही. उलट ‘लोकांनी पैसे दिलेत, आता मधेच कसे थांबायचे’ या लाजेने त्रास अंगावर काढला जातो. खरा धोका तिथे आहे.

२०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांचे काम लोकांपुढे यावे, हा त्यामागचा हेतू होता. वाटेत वाळवंट होते, रॉकी पर्वत होता. एकाने सायकल चालवायची, दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, आणि मदतीला गाडीत माणसे. म्हणजे विश्रांती हा शर्यतीचाच भाग होता.

भूतानमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत होते. एका दिवसात २६८ किलोमीटर, म्हणजे नांदेडहून लातूरला जाऊन जवळजवळ परत येण्याएवढे अंतर. त्यात चार उंच खिंडी. सगळे चढ मिळून कळसूबाईच्या उंचीच्या दुपटीहून जास्त भरतात. असे काम आठ दिवसांच्या सरावाने होत नाही.

आधी तपासणी

वय चाळीसच्या पुढे असेल, बीपी किंवा शुगर असेल, चालताना छातीत दुखत असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मुलींनी हिमोग्लोबिन तपासावे.

आणखी एक तपासणी आपल्यासाठी महत्त्वाची आहे. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या किनवट-माहूर भागात सिकलसेल आढळतो. आदिवासींमध्ये तसाच आपल्या समाजातही. सरकारी दवाखान्यात याची रक्ततपासणी होते. सिकलसेलचा रुग्ण असेल त्याने अशी शर्यत करू नये. जो फक्त वाहक आहे त्याला एरवी त्रास नसतो. पण ऊन, पाण्याची कमतरता आणि एकदम जास्त श्रम एकत्र आले तर त्याच्याही जिवावर बेतू शकते. त्याने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि सराव हळूहळू वाढवावा.

सराव

किमान तीन-चार महिने हवेत. सुरुवात १५-२० किलोमीटरने करा. आठवड्यातून तीन दिवस सायकल, त्यातला एक दिवस लांबचा. अंतर दर आठवड्याला साधारण एक दशांशाने वाढवा. चौथ्या आठवड्यात कमी करा. चालवताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागून बोलणे तुटत असेल तर वेग जास्त आहे. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस तोंडावर पडतो. हेल्मेट घालाच. विडी, तंबाखू, गुटखा सोडा.

खाणे-पिणे

निघण्याआधी दोन-तीन तास भाकरी-पिठले किंवा पोहे खा. वाटेत दर तासाला एक-दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे. तहान लागण्याची वाट पाहू नका, थोड्या थोड्या वेळाने घोट घ्या. मात्र नुसते साधे पाणी सारखे ढोसत राहणेही वाईट. रक्तातले मीठ कमी होऊन भोवळ येते. ओआरएसचे पाकीट जवळ ठेवा. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठा.

कधी थांबायचे

छातीत दुखणे, चक्कर, उलटी, पाय विचित्र दुखून जड होणे, लघवी चहाच्या रंगाची होणे : यातले एकही दिसले की उतरा आणि दवाखान्यात जा. अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सोण नावाचा भिक्खू चालून चालून पायांतून रक्त येईपर्यंत साधना करीत होता. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्याच तारेची आठवण दिली : फार ताणलेली नको, फार सैलही नको. सायकलस्वारालाही हेच लागू आहे.

म्हणून मंडळाने एक नियम करावा. ‘किलोमीटरमागे इतके रुपये’ असा निधी ठरवू नये. देणगीदारांकडून रक्कम आधीच पक्की करून घ्यावी, हिशोब वस्तीसमोर मांडावा आणि सांगून टाकावे : मुलगा अर्ध्या वाटेतून परतला तरी पैसे कामालाच जातील. मग थांबण्याची लाज कुणाला वाटणार नाही.