सुती कापड कसे ओळखावे?

उरणच्या बाजारात "अस्सल सुती" म्हणून लुगडे दाखवतात. खरे कसे ओळखाल? कडेचा एक उभा, एक आडवा धागा मागून घ्या. चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पेटवा.

सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. मऊ राख उरते. रेशीम, लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. असे कापड पेटले तर अंगाला चिकटते, खोल भाजते. म्हणून चुलीपाशी सुतीच बरे. पण सुतीही भरकन पेटते. पदर खोचूनच बसा.

लाकडाच्या लगद्याचा रेयॉन मात्र कापसासारखाच जळतो. तेथे सूक्ष्मदर्शक लागतो. मुंबईत माटुंग्याला १९२४ सालापासून कापसाची प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो. रेयॉनला तसा पीळ नसतो.