एका रात्रीचे पन्नास रुपये

दिवाळीत आत्याकडे गेले होते. तिच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी एक जांभळी बाटली दिसली. झोपेच्या गमीज. आत्या सत्तरीला आलेली, बँकेतून निवृत्त झालेली, पै-पैचा हिशेब ठेवणारी. म्हणाली, "झोपेची गोळी नव्हे गं, नैसर्गिक आहे. साडेसातशेला महिनाभर जाते." मी बाटली उलटी करून चष्मा लावून वाचली. पुढे ठळक अक्षरांत 10 मिलिग्रॅम मेलाटोनिन. मागे, बारकोडच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत : एक मात्रा म्हणजे दोन गमीज. बाटलीत गमीज 30. म्हणजे आत्या रोज एक घेत होती तेव्हा पुढच्या आकड्याच्या निम्मेच तिच्या पोटात जात होते, आणि सांगितल्याप्रमाणे घेतले असते तर बाटली पंधरा दिवसांत संपली असती.

कुठलेही झोपेचे पूरक घेण्याआधी हाच हिशेब मांडा. बाटलीची किंमत भागिले पुरे पडणाऱ्या रात्री. 749 रुपये, 15 रात्री : रात्रीला पन्नास रुपये. महिन्याला पंधराशे, वर्षाला जवळजवळ अठरा हजार. त्या मानाने अश्वगंधा चूर्णाची 100 ग्रॅमची साधी डबी शंभर-दीडशे रुपयांत मिळते आणि रोज तीन ग्रॅम दुधातून घेतले तर महिनाभर पुरते. दिवसाला तीन ते पाच रुपये.

आता पन्नास रुपयांत मिळते काय ते पाहू. मेलाटोनिन हे आपल्याच मेंदूतले संप्रेरक. अंधार पडला की स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. ते गुंगीचे औषध नव्हे. 2013 साली 19 चाचण्यांचा आणि 1683 माणसांचा एकत्र अभ्यास झाला. मेलाटोनिन घेणाऱ्यांना झोप लागायला सरासरी सात मिनिटे कमी लागली आणि एकूण झोप आठ मिनिटांनी वाढली. ही सरासरी आहे, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. पण रात्रीचे पन्नास रुपये मोजून हाती सात-आठ मिनिटे येणार असतील, तर ते घेणाऱ्याला आधी कळायला हवे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट निद्रानाशासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन दोन्ही वापरू नयेत असेच सुचवले. व्हॅलेरियन म्हणजे आपल्या तगराचे युरोपीय भावंड.

एका ठिकाणी मात्र मेलाटोनिन खरोखर उपयोगी पडते. लेकाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या आईवडिलांना ते सांगायलाच हवे. विमानप्रवासाने दिवसरात्र उलटी झाली, तर तिथल्या झोपेच्या वेळी अर्धा ते पाच मिलिग्रॅम मेलाटोनिन चार-पाच दिवस घेतल्याने घडी लवकर बसते. पाचापेक्षा जास्त घेऊन अधिक फायदा दिसलेला नाही. म्हणून दहा मिलिग्रॅमची बाटली उगाच आहे. येताना मुले तीच मोठी बाटली बॅगेत घालतात, आणि इथे ती आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांत वाटली जाते. 2023 मध्ये अमेरिकेत मिळणाऱ्या 25 गमीज प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा 22 मधले प्रमाण लेबलाशी जुळले नाही. एकीत तर मेलाटोनिनच नव्हते, दुसरीत लिहिल्याच्या साडेतीनपट होते. परदेशी बाटली म्हणजे चोख माल, हा समज सोडून द्या. आणि लहान मुलांना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नका.

अश्वगंधेची बाजू थोडी बरी आहे. 2021 मध्ये पाच चाचण्यांतल्या 400 जणांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा झोपेत लहानसा पण खरा फरक दिसला. ज्यांना निद्रानाश होता त्यांच्यात जास्त. पण हा फरक आठवडे गेल्यावर दिसतो, दुसऱ्या रात्री नव्हे. चाचण्यांत वापरला तो बहुतेक मुळाचा अर्क. लेबलावर 'मूळ' आहे की नुसते 'अश्वगंधा', अर्क आहे की चूर्ण, हे वाचा. तीनशे मिलिग्रॅम अर्क आणि तीनशे मिलिग्रॅम चूर्ण यांत मोठे अंतर आहे. मॅग्नेशियमच्या बाटलीवरही तशीच गफलत होते. 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मिलिग्रॅम' यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम 140 च्या आसपास असते, बाकी वजन त्याला जोडलेल्या ग्लायसिनचे. शिवाय झोपेवर त्याचा परिणाम होतो याचा पुरावा तोकडा आहे, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते घातकही ठरू शकते.

सात वनस्पतींचे 'खास मिश्रण, 500 मिलिग्रॅम' असे लिहिलेले असेल तर ती बाटली परत ठेवा. सातांपैकी कोणती किती ते सांगितलेले नसते. महागडी जटामांसी चिमूटभर आणि बाकी स्वस्त भरणा असला तरी तुम्हाला कळणार नाही.

लेबलावरचा परवानाही बघा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने खाद्यपदार्थ आहे, आणि 'औषधी वापरासाठी नाही' असे त्यावर इंग्रजीत छापलेले सापडेल. पुढे 'गाढ झोपेची हमी' आणि मागे हे वाक्य! आयुर्वेदिक औषध असेल तर औषध उत्पादनाच्या परवान्याचा क्रमांक असतो. दोन्हींपैकी काहीच नसलेली, जत्रेतली किंवा कुणीतरी 'खात्रीची' म्हणून दिलेली पुडी घेऊ नका. पहिल्याच रात्री ती गाढ झोपवत असेल तर जास्तच सावध व्हा. त्यात झोपेची ॲलोपॅथिक गोळी कुटून घातलेली असू शकते. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करा. बिल आणि रिकामी बाटली टाकू नका.

जायफळाचेही सांगते, कारण ते प्रत्येक घरात आहे. सहाणेवर दोन वेढे उगाळून कोमट दुधात घेणे निराळे आणि लवकर झोप यावी म्हणून चमचाभर पूड घेणे निराळे. पाच ग्रॅमच्या वर जायफळ गेले तर छाती धडधडते, भ्रम होतो, रुग्णालय गाठावे लागते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे नाही.

आत्याच्या बाटलीत अश्वगंधाही होती, आणि आत्या वीस वर्षे थायरॉइडची गोळी घेते. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गर्भवतींनी ती टाळावी. रक्त पातळ करण्याच्या, फिट्सच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर यांतले काहीही न विचारता सुरू करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी एकदम बंद करून 'नैसर्गिक' बाटली धरू नका. अशा गोळ्या हळूहळू, देखरेखीखालीच सोडवाव्या लागतात.

मग पैसे घालायचेच असतील तर कुठे घालावेत? माझे मत स्पष्ट आहे. सर्वांत आधी, झोप कशाने मोडते ते शोधण्यात. थायरॉइडची तपासणी साधारण तीन-चारशे रुपयांत होते. पाय तळमळतात म्हणून झोप लागत नसेल तर शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन तपासणी पाचशे ते आठशेत. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, दिवसा पेंग येणे असे असेल तर कुठलीही गमी त्यावर उपाय नाही. तिथे स्लीप स्टडीच हवी. तिला काही हजार रुपये लागतात, पण त्याने आयुष्य वाचू शकते. संध्याकाळचा सहाचा चहा सोडायला काहीच लागत नाही. त्यातल्या कॅफीनपैकी निम्मे रात्री अकरालाही अंगात असते.

जुनाट निद्रानाशावर अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 पासून पहिला उपचार म्हणून सांगितली आहे ती वर्तनोपचाराची पद्धत, गोळी नव्हे. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचे, मंद दिव्यात बसायचे, डोळे जड झाले की परत यायचे. अंथरुणात मोबाइल नाही, हिशेबाच्या वह्या नाहीत. समुपदेशकाकडे सहा-आठ बैठका लागतात, शहरात बैठकीला साधारण हजार ते दोन हजार. काळजीने झोप उडाली असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा, तो मोफत आहे.

इतके करूनही पूरक घेऊन पाहायचे असेल तर एकच घटक असलेले घ्या, लहान बाटली घ्या, दर महिन्याला आपोआप घरी येणारी योजना घेऊ नका. आधी दोन आठवडे वहीत लिहा : दिवा किती वाजता मालवला, अंदाजे केव्हा झोप लागली, रात्री किती वेळा जाग आली. मग पूरक सुरू करून तसेच लिहीत राहा. मेलाटोनिनला दोन आठवडे पुरेत, अश्वगंधेला आठ द्या. वहीत फरक दिसला नाही तर थांबा. दिसला तरी दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा बघा, कारण झोप कधी कधी आपसूकही सुधारते.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाल तेव्हा 'काहीतरी आयुर्वेदिक घेते' असे मोघम सांगू नका. बाटलीच पिशवीत घालून न्या आणि तिची मागची बाजू त्यांच्यासमोर धरा.