‘माझे कुटुंब’ला पर्याय काय?

प्रश्न : मी डी.एल.एड.ची विद्यार्थिनी. पवनानगरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत सराव पाठ घेते. चौथीच्या मुलांनी ‘माझे कुटुंब’वर एकसारख्याच चार ओळी लिहिल्या. एका मुलीनं कागद कोराच दिला. काय करू?

उत्तर : आधी तो विषय फळ्यावरून पुसा. कोरा कागद देणाऱ्या मुलीला कारण विचारू नका. कुणाबद्दल लिहायचं ते तिला निवडू द्या, आजी, मामा, शेजारीण, कुणीही.

मग घरी विचारायला एकच प्रश्न द्या : ‘आपण इथे कसे आलो?’ पवना धरण १९७२ साली पूर्ण झालं. पाण्याखाली गेलेलं घर, बांध, देऊळ आठवणारे आजी-आजोबा तुमच्या वर्गातल्या काही घरांत नक्की असतील. लोणावळ्याच्या बंगल्यांवर राखणीला आलेल्यांची, वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलंही याच प्रश्नाला उत्तर देऊ शकतात.

आधी गोष्ट सांगू द्या, लिहिणं दुसऱ्या दिवशी. मुलानं ‘आजी व्हती’ लिहिलं तर पहिल्या खर्ड्यात लाल पेन अजिबात नको. ती त्याच्या घरची बोली आहे, आणि तिच्यातच गोष्ट जिवंत राहते. जमीन गेल्याचं दुःख अजून ताजं असतं, म्हणून लिहिलेलं वर्गाच्या भिंतीवर लावण्याआधी मुलाला आणि घरच्यांनाही विचारा.