व्हेनिस बंदर आणि कोपरगाव : प्रवासी-व्यवस्थेचा एक अभ्यास

इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरील उथळ खाडीत, शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले व्हेनिस हे मध्ययुगीन युरोपचे एक अग्रगण्य बंदर होय. भारतातील मिरी व अन्य मसाले मिसरमार्गे तेथे पोहोचत आणि मोबदल्यात तेथील सोने पूर्वेकडे येई. इ. स. १२८४ पासून व्हेनिसने पाडलेल्या सुवर्णनाण्यावर मानवी आकृती असत. मराठी मुलखात हे नाणे ‘पुतळी’ म्हणून ओळखले गेले. पुतळ्यांच्या माळेने त्याची आठवण आजही जपली आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोहोचला. त्यानंतर व्हेनिसच्या व्यापाराला हळूहळू ओहोटी लागली व १७९७ मध्ये तेथील प्रजासत्ताकही लयास गेले.

मालाऐवजी प्रवासी

पुढे मालाची जागा प्रवाशांनी घेतली. सहलीची प्रचंड जहाजे एकाच वेळी हजारो प्रवासी आणू लागली. यांतील बहुतेकांचे जेवणखाण व निवास जहाजावरच. शहरात ते काही तास हिंडत. गर्दी, कचरा व पाण्याच्या हेलकाव्यांनी पायांना बसणारे धक्के मात्र शहराच्या वाट्याला येत. घरे महागली, अनेक घरांची विश्रामगृहे झाली. १९५१ मध्ये जुन्या शहराची वस्ती सुमारे पावणेदोन लाख होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली.

यावर शासनाने दोन उपाय योजले. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांहून मोठ्या जहाजांना शहराच्या मध्यवर्ती जलमार्गात बंदी झाली. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांवर ५ युरो प्रवेशशुल्क बसले. मुक्कामी पाहुण्यांना त्यातून सूट मिळाली. थांबणारा व नुसता येऊन जाणारा यांत केलेला हा भेद विचार करण्याजोगा आहे.

कोपरगावच्या संदर्भात

गोदाकाठचे कोपरगाव समुद्रापासून दूर असले तरी प्रश्न परका नाही. दौंड–मनमाड लोहमार्गावरील हे स्थानक शिर्डीच्या यात्रेकरूंचे दीर्घकाळ उतरण्याचे ठिकाण होते. २००९ मध्ये शिर्डीला स्वतंत्र स्थानक झाले, २०१७ मध्ये याच तालुक्यातील काकडी येथे विमानतळ सुरू झाला आणि २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. दारे वाढली, पण दार उघडले म्हणून वाटसरू ओसरीवर टेकतोच असे नाही.

त्याने टेकावे असे येथे पुष्कळ आहे. शुक्राचार्यांचे मंदिर आहे, गोदावरीचे घाट आहेत. सालबाईच्या तहानंतर (१७८२) राघोबादादा पेशवे येथेच राहिले आणि १७८३ मध्ये येथेच निवर्तले.

ग्रामपंचायतींनी व नगरपरिषदेने येणाऱ्यांची केवळ संख्या न मोजता मुक्काम मोजावा, पाणी व कचरा यांचा खर्च त्याच नोंदीत मांडावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून स्थळांची माहिती लिहवून घ्यावी. प्रवासी वाढण्यापूर्वी ही व्यवस्था उभी राहिली, तर व्हेनिसला उशिरा करावा लागलेला विचार कोपरगावला वेळेवर करता येईल.