अभ्यास पाठ : घाणेरीनं अडवलेलं रान



गटातून गाईसाठी किंवा शेळीसाठी कर्ज देताना आपण सगळं विचारतो. हप्ता किती, व्याज किती, विमा काढला का? चारा कुठून आणणार, हे मात्र कुणी विचारत नाही. "रान आहे की!" एवढ्यावर भागतं. पण त्या रानात गवताच्या जागी दुसरंच काही उभं असेल तर? म्हणून या महिन्याचा पाठ एका झुडपावर आहे.

हे झुडूप तुम्ही रोज बघता. गुलाबी, पिवळ्या, केशरी फुलांचे छोटे गुच्छ, खरखरीत पानं, चौकोनी काटेरी फांद्या, पिकल्यावर काळ्या मण्यांसारखी होणारी फळं. पान चोळलं की उग्र वास येतो. कुणी घाणेरी म्हणतं, कुणी टणटणी. मध्य प्रदेशाच्या बाजूला रायमुनिया म्हणतात. पुस्तकातलं नाव लँटाना.

ही आली कुठून?

घाणेरी आपल्याकडची नाही. तिचं मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. फुलं सुंदर म्हणून ती युरोपातल्या बागांमध्ये गेली, तिथे तिचे नवे नवे रंग तयार केले गेले. इंग्रजांच्या काळात, १८०९ च्या सुमारास, ती कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली गेली. बागेतून कुंपणाला आली, कुंपणावरून रानात शिरली. आज देशातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जंगलात ती आहे, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वाघ राहतात त्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के भागात ती पोचली आहे.

एवढी पसरते कशी?

बुलबुल, साळुंकी असे पक्षी तिची काळी फळं खातात आणि झाडावर बसून विष्ठेतून बी टाकतात. म्हणून मोठ्या झाडाखाली तिची रोपं जास्त दिसतात. एका झुडपाला वर्षात हजारो फळं लागतात. वरून तोडली किंवा जाळली तरी बुंध्याला नवे फुटवे येतात. एका फांदीच्या जागी चार! तिची जाळी इतकी दाट होते की जमिनीवर ऊन पडत नाही. शिवाय तिच्या पानांतून आणि मुळांतून उतरणारी द्रव्यं शेजारच्या रोपांची वाढ रोखतात.

काही ताया म्हणतील, फुलपाखरं तर हिच्यावर भरपूर येतात, मग वाईट कशी? फुलपाखरं मध प्यायला येतात, ते खरं. पण जाळीखाली वाकून बघा. गवत नाही, मोहाचं रोप नाही, चारोळीचं नाही. आजची मोठी झाडं म्हातारी झाली की त्यांच्या जागी उभं राहायला लेकरूच नाही.

आपलं काय जातं?

पहिलं, गवत जातं. चाऱ्याचा भारा आणायला आणखी लांब चालावं लागतं. हरणांचाही चारा जातो. दुसरं, मोहफुलं, तेंदूपानं, सरपण गोळा करायची वाट बंद होते. तिसरं, शेताच्या कडेला जाळी वाढली की रानडुकरांना लपायला आयती जागा. चौथं, उन्हाळ्यात सुकलेली जाळी भराभर पेटते आणि आग झाडाच्या फांद्यांपर्यंत चढते.

गाय-शेळी घेतलेल्या तायांनी हे नीट वाचावं

घाणेरीचा पाला विषारी आहे. गावातलं जुनं जनावर सहसा तोंड लावत नाही. पण बाजारातून नवीन आणलेलं जनावर, ज्याला ही ओळखीची नाही, किंवा दुष्काळात भुकेलेलं जनावर ती खातं. म्हणजे कर्ज काढून आणलेल्या जनावरालाच धोका जास्त.

लक्षणं अशी : चारा सोडणं, शेण अडणं, डोळे पिवळे होणं, उन्हात गेल्यावर नाक, कान, कास इथली कातडी सुजून फाटणं. असं दिसलं तर जनावर लगेच सावलीत बांधा, पाणी द्या, पशुवैद्यकांना बोलवा आणि घाणेरी खाल्ल्याचं सांगा. विषारी पाला पोटात साचून राहतो आणि विष अंगात भिनत जातं, म्हणून "उद्या बघू" करू नका. लहान मुलं फळं खातात, त्यांनाही आवरा. कच्ची हिरवी फळं विषारी असतात.

काढायची कशी?

आपण वर्षानुवर्षं कोयत्यानं वरून छाटत आलो. त्यानं ती आणखी दाट झाली. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत बसवली आणि ती कॉर्बेटच्या जंगलात वापरली गेली. तिला औषध फवारावं लागत नाही.

१. आधी काठीनं जाळी हलवा. साप, डुक्कर असू शकतं. हातमोजे घाला, एकटीनं जाऊ नका.
२. पावसानं माती मऊ झाली की, फळं धरायच्या आत काम धरा.
३. बुंध्याभोवतीची माती कुदळीनं सारून मुख्य मूळ जमिनीखाली साधारण चार बोटं कापा. फुटवे जिथून येतात तो भाग झुडपासोबत निघाला पाहिजे.
४. झुडूप उचलून उलटं ठेवा, मुळं आभाळाकडे. आडवं टाकलं तर ओल्या मातीत ते परत मूळ धरतं.
५. मोकळ्या जागेत लगेच मारवेल, पवन्यासारख्या स्थानिक गवताचं बी टाका. जागा रिकामी ठेवली तर घाणेरीच परत येते.
६. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात फिरून छोटी रोपं हातानं उपटा. मोठ्या झाडांखाली आवर्जून बघा.

सहावं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच राहून जातं. म्हणून दहा एकर एकदा साफ करून सोडण्यापेक्षा अर्धा एकर घ्या आणि सांभाळा. पट्ट्यापट्ट्यानं काढा, म्हणजे पाखरांचा आसराही एकदम मोडत नाही.

जंगलात मनानं कामाला लागू नका. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेत ठराव घेऊन व्यवस्थापन आराखड्यात हे काम घाला. बाकी ठिकाणी आधी वनविभागाची परवानगी घ्या.

काढलेल्या काड्यांचं काय?

सुकल्यावर सरपण होतं. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा आदिवासी काड्या उकळून, साल काढून त्यांच्या खुर्च्या, टोपल्या बनवतात. निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीचे खऱ्या आकाराचे हत्ती बनवले, ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांमध्ये मांडले गेले. आपणही वस्तू करून बघायला हरकत नाही. पण एक ध्यानात ठेवा : धंदा चालावा म्हणून घाणेरी राखायची नाही. ती संपवणं हाच खरा नफा.

आणि हो, नर्सरीत ही आजही शोभेचं रोप म्हणून मिळते. घेऊ नका. कुंपणाला मेंदी, निरगुडी लावा.

बैठकीत चर्चेसाठी

- दहा वर्षांपूर्वी चारा कुठे मिळायचा, आज कुठे मिळतो? वयस्कर तायांना आधी बोलू द्या.
- आपल्या शिवारात घाणेरी कुठे कुठे आहे? जमिनीवर खडूनं नकाशा काढा.
- यंदा कुठला एक तुकडा घ्यायचा? पुढची दोन वर्षं तो सांभाळायची जबाबदारी कुणाची? नावं ठराव वहीत लिहा.
- पुढच्या वेळी जनावरासाठी कर्ज मागणी आली की एक प्रश्न वाढवा : "ताई, चारा कुठून आणणार?"